लोकर, सुई आणि फुरसत

कामगार चळवळीत उभी हयात घालविलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत विणकामावर बोलावे, हे पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. आमच्याकडून अपेक्षा असणार ती मागाच्या, साच्यांच्या खडखडाटाच्या आणि गिरणीच्या भोंग्याच्या विणकामाची. ते आम्ही विसरलेलो नाही. परंतु आजचा विषय आहे तो दोन सुयांवरच्या लोकरीचा, क्रोशाचा, भरतकामाचा आणि गोधडीचा. या कामात माणसाला, विशेषतः आमच्या आयाबहिणींना, जो आनंद होतो तो आला कोठून, आणि त्याची किंमत कोणी मोजली, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रारंभी एक साधा प्रश्न विचारतो. टेंभी नाक्यावरून जांभळी नाक्याकडे निघून बाजारपेठेत शिरले म्हणजे सुया, दोरे, लेस आणि लोकर विकणारी दुकाने दिसतात. आता ठाण्याची थंडी ती केवढी! पौषात पहाटे अंगावर चादर ओढून घेतली म्हणजे भागते. खाडीकाठचे हे गाव वर्षातले बहुतेक महिने घाम पुसण्यात घालविते. मग ही लोकर घेते कोण, आणि कशासाठी? कोणी म्हणेल, ठाणे हे लोकरीचेच गाव आहे. ते खरे. १९२५ साली येथे लोकरीची गिरणी निघाली, पुढे ती रेमंड या नावाने देशभर गाजली, आणि २००९ साली ठाण्यातली ती गिरणी बंद झाली. पण त्या गिरणीतून निघे ते सुटाचे कापड आणि कांबळी. घरी बसून दोन सुयांवर विणणाऱ्या बाईचा त्या कापडाशी संबंध नव्हता. काश्मिरातली वा हिमाचलातली बाई गरजेपोटी विणते असे म्हणता येईल. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत विणणाऱ्या बाईला ते उत्तर लागू पडत नाही. तिला स्वेटरची निकड नसते आणि तरीही ती विणते. म्हणूनच तिच्या विणण्याचा विचार करावासा वाटतो.

गरजेचे विणकाम आपल्याकडे फार जुने आहे. देशावरच्या धनगरवाड्यांत मेंढीची लोकर कातरावी, बायकांनी ती पिंजून कातावी, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यावी आणि सणगराने खड्ड्यातल्या मागावर घोंगडी विणावी, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. घोंगडी म्हणजे शेतकऱ्याचे पांघरूण, बसकर आणि पावसातली खोळ. गोधडीचेही तसेच. जुनी लुगडी, विटकी धोतरे, पोरांची फाटकी झबली यांचे थर लावावे आणि धावदोऱ्याने शिवून काढावे. कोणी तिला वाकळ म्हणते, कोणी चौघडी, लहान मुलाची असली तर दुपटे. हे सारे गरजेचे. तरीही एखादी जुनी गोधडी अंगणात उलगडून पाहा. मधल्या चौकोनाभोवती तांबड्या तुकड्यांची चौकट कशाला? कोपऱ्यांत तिरपे ठिगळ लावून फूल का काढले? टाके एकात एक चौकोन करीत मध्यापर्यंत का नेले? थंडी त्यावाचूनही गेली असती. ज्या बाईला दिवसभराच्या कामातून अर्धा तास मिळाला, तिने त्या अर्ध्या तासात गरजेच्या वस्तूवर आपल्या मनचे काहीतरी काढले. धारवाड-बेळगावकडच्या कशिद्यात तर गाठ न मारता, दोरे मोजून असे टाके घालतात की उलटी बाजूही सुलटीसारखीच दिसावी. उलटी बाजू पाहणार कोण? पण घालणारीला ठाऊक असते.

आपल्या संतांत नामदेव शिंपी होते. सुई-दोरा हे आपल्याकडे हलके साधन मानले गेले नाही. हलके मानले गेले ते ती सुई चालविणाऱ्या बाईच्या वेळेला. या वेळेकडे आम्ही पुढे येणारच आहोत. आधी दोन सुयांची कुळकथा.

दोन सुयांवर फासात फास अडकवून विणण्याची कला मुळातली आपली नव्हे. तिचे आज हाती असलेले जुने नमुने इजिप्तमधले, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकातले आहेत. ते सुती मोजे असून त्यांवर निळ्या-पांढऱ्या रंगांची सुबक नक्षी आहे. तेथून ही कला भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने युरोपात गेली. स्पेनमध्ये १२७५ साली वारलेल्या एका राजपुत्राच्या थडग्यात रेशमाची विणलेली उशी सापडली आहे. पुढे युरोपातील शहरांतून विणकऱ्यांचे संघ झाले, आणि आज ऐकून नवल वाटेल, पण त्या संघांतले उस्ताद पुरुष होते. वर्षानुवर्षे उमेदवारी करून, परीक्षेला गालिचा आणि मोजे विणून दाखविल्यावर माणूस उस्ताद ठरे. विणकाम हे बायकांचे काम, असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही.

इंग्लंडात १५८९ च्या सुमारास विल्यम ली नावाच्या पाद्र्याने मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. एलिझाबेथ राणीने त्याला मक्ता दिला नाही. हातांनी विणून पोट भरणाऱ्या गरिबांचे काय होईल, अशी शंका तिने काढली असे सांगतात. ली फ्रान्सला गेला आणि तिकडेच वारला. यंत्र मात्र परत आले, आणि दोनशे वर्षांनी नॉटिंगहॅम परगण्यात घरोघर यंत्रांवर मोजे विणणारे कामगार झाले. यंत्र मालकाचे, त्याचे भाडे कामगाराने भरावयाचे, आणि मजुरी नगावर. व्यापारी हलक्या प्रतीचे, कापून शिवलेले मोजे काढू लागले, मजुरी उतरू लागली, तेव्हा १८११ मध्ये या कामगारांनी यंत्रे फोडावयास सुरुवात केली. इतिहासात ज्यांना ‘लडाइट’ म्हणतात, आणि सुधारणेचे शत्रू म्हणून ज्यांची आजही थट्टा होते, ते मुळात हे मोजे विणणारे. यंत्र फोडणाऱ्याला फाशी देण्याचा कायदा १८१२ साली आला. कवी बायरन याने उमरावांच्या सभेतील आपले पहिले भाषण या कायद्याविरुद्ध केले. यंत्राशी त्या कामगारांचे वैर नव्हते. आपल्या कसबाचा दर आणि आपल्या मालाची प्रत दोन्ही मालक ठरविणार, याविरुद्ध त्यांचा राग होता. आमच्या चळवळीच्या वंशावळीत विणकाम करणारी माणसे अशी पहिल्याच पानावर आहेत.

महाराष्ट्रात दोन सुया आणि क्रोशा आल्या त्या इंग्रजी अमदानीत. अमेरिकन मिशनने १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा काढली, त्यानंतर इतर मिशनांच्या शाळा निघाल्या, आणि या शाळांतून अक्षरांबरोबर शिवण शिकविण्याची चाल पडली. मुलीच्या हातात पुस्तक दिलेले ज्यांना खपत नसे, त्यांनाही सुई दिलेली खपे. एका अर्थी सुईच्या आडोशाने पुस्तक घरात शिरले. पुढे पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदासदन काढले, १८९६ मध्ये अण्णासाहेब कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापिला, १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्याची सेवासदन संस्था उभी राहिली. ज्या विधवेला घरात दोन वेळचे अन्नही उपकाराचे होते, तिच्या हाती शिवण, विणकाम, भरतकाम ही पोटाची विद्या आली. म्हणजे सुई येथे प्रथम आली ती शिस्त आणि उपजीविका म्हणून. आनंदासाठी ती कोणी दिली नव्हती. तो आमच्या बायकांनी आपला आपण काढून घेतला.

तो त्यांनी कसा काढून घेतला हे पाहावयाचे तर रुखवत पाहावे. लग्नात वधूपक्षाकडून मांडल्या जाणाऱ्या रुखवतात क्रोशाचे ताटरुमाल, भरलेल्या उश्या, लोकरीची तोरणे, मण्यांचे हत्ती येऊ लागले. साखळी टाका, गव्हाचा टाका, उलटी टीप, दसुती यांत कोणाचा हात कसा आहे, याची पाहणी मांडवातल्या बायका डोळ्यांत तेल घालून करीत. त्यात मुलीची परीक्षा होती आणि ओझेही होते, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्याच मांडवात एखादी प्रौढा वाकून, ही जाळी कशी घातली गं, असे विचारी, तेव्हा विचारणारीच्या आणि सांगणारीच्या तोंडावर जे दिसे ते ओझे नव्हते. दुसरे उदाहरण बाळंतविड्याचे. झबली, दुपटी, कुंची यांच्या जोडीला लोकरीचे टोपडे आणि मोजे आले. ठाण्यासारख्या उष्ण गावातही ते विणले जातात. तान्हे मूल चार महिन्यांत त्यांतून वाढते, आणि मग ते पेटीत जपून ठेवले जातात, पुढच्या बाळासाठी. दर हात उष्णतेचा नसतो, मायेचा असतो.

आमच्या आईकडे लोकरीचा एकच साठा होता, आणि तो पुनःपुन्हा नवा होई. थोरल्याचा स्वेटर आखूड झाला की ती तो उसवी. लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करी, धुऊन वाळवी, वळ्या पडलेली लोकर पातेल्याच्या वाफेवर धरून सरळ करी, आणि त्यातून धाकट्याचा स्वेटर उठे. बाह्यांना कमी पडली तर दुसऱ्या रंगाचा पट्टा येई, आणि तो पट्टा मुद्दाम घातल्यासारखा दिसेल अशी योजना असे. कारखान्यात माल बिघडला तर तो भंगारात जातो आणि कामगाराच्या पगारातून कापला जातो. विणकामात चुकलेली ओळ उसवता येते आणि धागा पुन्हा सबंध हाती येतो. या एका गुणाने मनाला जो निवांतपणा मिळतो, तो साच्यावर उभ्या असलेल्या माणसाला क्वचितच मिळतो.

आता वेळेकडे येतो, कारण सारा इतिहास तेथे अडकलेला आहे. लोकर पैशाने मिळते, फुरसत मिळत नाही. आपल्याकडील कामगाराला फुरसत मिळवून देण्याची पहिली मोठी खटपट ज्यांनी केली, ते नारायण मेघाजी लोखंडे १८४८ साली याच ठाण्यात जन्मले. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक असलेल्या लोखंड्यांनी १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. मागण्या पाहा. रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. दिवस उजाडण्यापासून मावळेपर्यंत काम, ही मागणी होती! तक्रार नव्हे. १८९० च्या एप्रिलात भरलेल्या मोठ्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही उभे राहून भाषणे केली. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ज्या रविवारी दुपारी आपण पाय पसरून बसतो, त्या रविवारचा जन्म असा आहे.

योगायोग असा की त्याच १८८४ साली, जानेवारीत, इंग्लंडात विल्यम मॉरिस नावाचा गृहस्थ उपयुक्त काम आणि निरर्थक राबणे यांतील भेद सांगणारे व्याख्यान देत होता. हा मॉरिस कवी, छापखानदार, समाजवादी आणि नक्षीकार. तरुणपणी याने लोकरीचे भरतकाम स्वतःच्या हाताने शिकून घेतले होते, आणि पुरुषाने सुई धरावी यात त्याला कमीपणा वाटला नाही. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, करण्याजोग्या कामात तीन आशा असतात : कामानंतर विसाव्याची, हातून काही चांगली वस्तू निर्माण होण्याची, आणि काम करतानाच सुख लाभण्याची. ज्या कामात या तिन्ही नाहीत ते गुलामाचे काम. लोखंड्यांनी मॉरिसचे व्याख्यान ऐकले नव्हते, आणि मॉरिसला मुंबईच्या सभांची वार्ता असण्याचे कारण नाही. पण एक जण पहिली आशा मागत होता, दुसरा तिसरीपर्यंत पोहोचला होता. दोघांच्या मध्ये जो रस्ता आहे तो कामगार चळवळीचा रस्ता. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचा दिवस अकरा तासांचा झाला. १९४६ मध्ये, डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना मांडल्या गेलेल्या सुधारणेने, आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा झाला, आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने तो पक्का केला. अकरा तासांचे आठ होण्यास अर्धशतक लागले.

तथापि हे तास मिळाले ते मुख्यतः पुरुषाला. कारखान्यातून सुटलेला पुरुष घरी येऊन खाटेवर पडतो, कारखान्यातून सुटलेली बाई घरी येऊन दुसऱ्या पाळीला उभी राहते. तिच्या फुरसतीचे तुकडे असतात. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधले, मुलाच्या शिकवणीबाहेर थांबण्याचे, दवाखान्यातल्या बाकावरचे. विणकाम तिला जवळचे वाटते याचे कारण येथे आहे, असे आमचे मत आहे. चित्र काढण्यास सबंध दुपार लागते, गाण्याच्या रियाजाला स्वतंत्र खोली लागते. विणकाम कोणत्याही ओळीवर थांबते आणि कोणत्याही ओळीवरून पुढे जाते. ते पिशवीत मावते. डोळे त्यावर सतत ठेवावे लागत नाहीत, म्हणून गप्पा चालू राहतात. तुकड्यांच्या वेळेतून सबंध वस्तू निघते, हे त्याचे खरे वैशिष्ट्य. जी बाई दिवसभर करते ते संध्याकाळी पुसले जाते, भांडी पुन्हा खरकटी होतात, केर पुन्हा साठतो. विणलेली ओळ मात्र दुसऱ्या दिवशी जेथल्या तेथे असते.

याचे ठळक उदाहरण आपल्या आगगाडीत मिळते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली, आणि त्यानंतर या गावाचे आयुष्य गाडीच्या वेळापत्रकाला बांधले गेले. कल्याण ते मुंबई चोपन्न किलोमीटर, ठाणे ते मुंबई सुमारे चौतीस. नोकरी करणाऱ्या बाईचे रोज दोन-तीन तास या वाटेवर जातात. ते तास कोणाच्या हिशेबात नाहीत, ना साहेबाच्या ना घराच्या. त्या तासांत बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाते, हळदीकुंकू होते, आणि बसायला जागा मिळाली तर पिशवीतून सुया निघतात. समोरची अनोळखी बाई नमुना विचारते, दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात शोधीत येते. कोणी वर्ग काढला नाही, फी घेतली नाही, आणि कला मात्र डोंबिवलीपासून दादरपर्यंत पसरली. पुरुषांच्या डब्यात याच तासांत पत्ते आणि भजने चालतात. तीही वाईट नाहीत. पण सुया तेथे निघत नाहीत, याचे आम्हांस वाईट वाटते.

आनंदाचे काम प्रसंग पडल्यावर केवढे मोठे होते, हे १९६२ साली देशाने पाहिले. २० ऑक्टोबरला चिनी फौजांनी हल्ला केला तेव्हा हिमालयाच्या उंचीवर आपल्या जवानांकडे पुरेसे गरम कपडे नव्हते. पुष्कळांच्या अंगावर सुती गणवेश होते. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे शब्द घरोघर झाले. त्या हिवाळ्यात देशभर शाळांतल्या मुली, गृहिणी, म्हाताऱ्या आज्या जवानांसाठी स्वेटर, मोजे आणि हातमोजे विणीत होत्या. ज्या मुलखात लोकरीची गरज नाही, तेथेही विणणारे हात तयार होते. सरकारी हुकुमाने असे हात रातोरात तयार करता आले नसते. पिढी-दोन पिढ्या बायकांनी निव्वळ हौसेने, बाळाच्या टोपड्यासाठी आणि भावाच्या मफलरसाठी जे कसब जिवंत ठेवले, ते त्या दिवशी उपयोगी पडले. ज्याला आपण रिकामपणचा उद्योग म्हणतो त्याची नोंद कोणत्याही कोठाराच्या वहीत नसते, पण साठा असतो.

येथपर्यंत आनंदाची बाजू झाली. आता तिची दुसरी बाजू सांगितली नाही तर आम्ही आमच्या धंद्याशी बेइमान होऊ. आंध्रातल्या नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस विणावयास शिकविले. पुढे ती लेस परदेशांत जाऊ लागली, व्यापारी गबर झाले. मारिया मीस या जर्मन विदुषीने या लेसवाल्या बायकांवर लिहिलेले पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झाले. त्यातला मुद्दा प्रत्येक कामगार कार्यकर्त्याने पाठ करावा असा आहे. या बायका दिवसाचे कित्येक तास विणीत, पण त्यांना कामगार कोणी म्हणत नसे. त्या घरंदाज गृहिणी, फुरसतीच्या वेळात विणतात, असे म्हटले जाई. फुरसतीचे काम म्हटले की मजुरी नाममात्र दिली तरी चालते. ज्या शब्दाचे आम्ही आतापर्यंत गुणगान केले, तोच शब्द येथे दरोड्याचे हत्यार झाला.

नरसापूर दूर आहे असे समजू नये. कळवा, मुंब्रा, दिवा, उल्हासनगर या पट्ट्यात घरोघर साडीला फॉल लावणे, पदराला गोंडे बांधणे, टिकल्या आणि मणी टाकणे, तयार कपड्यांचे दोरे कापणे ही कामे चालतात. माल आणून देणारा ठेकेदार, दर नगावर, दोरा बाईचा, वीज बाईची, डोळे बाईचे. नवरात्रात टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला गर्दी लोटते. त्या गर्दीतले भिंगांचे घागरे आपण कौतुकाने पाहतो. प्रत्येक भिंग कोणीतरी बसविलेले असते. ती बाई हे काम करताना गुणगुणतही असेल. पण ती सुई आपल्या मनाने खाली ठेवू शकत नाही, कारण सकाळी ठेकेदार येणार. आमच्या मते छंद आणि राबणे यांतील सीमा येथे आहे. टाका तोच, सुई तीच. ती खाली केव्हा ठेवावयाची हे कोण ठरवितो, एवढाच फरक.

या बायकांची संघटना होत नाही असे पूर्वी आमच्यातलेच मोठमोठे लोक म्हणत. कारखाना नाही, गेट नाही, सभा घ्यावयाची कोठे? अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ साली ‘सेवा’ ही संघटना काढून त्याला उत्तर दिले. घरी बसून शिवणाऱ्या, भरणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायका कामगार आहेत, हे त्यांनी कामगारांच्या दरबारात मान्य करविले. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने घरखेप कामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. आपल्या देशाने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

आमच्या अनुभवातली एक हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. ठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पॅकिंग खात्यात बायका होत्या. जेवणाच्या सुट्टीत डबा झटकन संपवून पाच-सहाजणी विणीत बसत. एके दिवशी व्यवस्थापनाने सुया जप्त केल्या. सुया धोक्याच्या आहेत, आणि विणणाऱ्या बायका कामावर आळसावतात, असे कारण दिले. बायका युनियनकडे आल्या. आमच्या कमिटीतले काही पुरुष हसले. बोनसचा प्रश्न लोंबकळत असताना सुयांवर काय भांडावयाचे! परंतु एक वयस्क बाई म्हणाली, साडेसात तास आम्ही त्यांच्या, हा अर्धा तास तरी आमचा का नाही? त्यावर कोणास उत्तर सुचले नाही. पाच तासांहून अधिक सलग काम नको, मध्ये निदान अर्धा तास विसावा हवा, हे १९४८ च्या कायद्यात लिहिलेले होते. त्या अर्ध्या तासात कामगाराने झोपावे, बोलावे की विणावे हे मालकाने ठरवावे असे कोठेही लिहिलेले नव्हते. आम्ही हेच टेबलावर मांडले. यंत्रांजवळ सुया नेऊ नयेत हे आम्ही मानले, कँटीनमध्ये विणण्यास हरकत नाही हे त्यांनी मानले. करारात त्याचा उल्लेख नाही, बोनसचा आहे. पण लोखंड्यांनी १८८४ मध्ये मागितलेला दुपारचा अर्धा तास आम्हांस त्या दिवशी प्रथम नीट समजला. बोनस वाढल्यावर त्या बायका जितक्या खुशीत दिसल्या त्याहून कमी त्या सुया परत मिळाल्यावर दिसल्या नाहीत.

श्रोतेहो, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही आपली म्हण रिकामेपणाला हसते. आम्हांस वाटते, कष्टकऱ्याचा रिकामा वेळ ही हसण्याची गोष्ट नाही. तो कोणीतरी भांडून मिळविलेला असतो, आणि आज मोबाइलच्या पडद्यावर तो कसा निसटतो हे आपण सारे जाणतो. म्हणून दोन-तीन गोष्टी सुचवितो. आपल्या गावात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. पुस्तक घेऊन बसणाऱ्यांना जागा आहे, तशी सुया घेऊन बसणाऱ्यांनाही गावात कोठेतरी आठवड्यातून एक संध्याकाळ जागा असावी, आणि तेथे मुलग्यांनाही दोन टाके शिकवावे. ज्या घरात बाई विणते त्या घरातल्या पुरुषाने तेवढा वेळ स्वयंपाकघर सांभाळावे, म्हणजे तिचा तुकड्यांचा वेळ थोडा सलग होईल. आणि भरलेला कपडा विकत घेताना दुकानदाराला, टाका घालणारीला नगामागे काय मिळाले, हे एकदा विचारून पाहावे. उत्तर बहुधा मिळणार नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर अकराव्याच्या वेळी दुकानदार ठेकेदाराला विचारील, आणि चळवळीची सुरुवात पुष्कळदा अशाच एखाद्या अडचणीच्या प्रश्नाने होते, असा आमचा अनुभव आहे.